दोन सतरंज्या, एक्केचाळीस घरं

९ मार्च, सोमवार

नकाशात टेनेसी राज्य निळं केलं आणि अमेरिकेचा २००० सालचा अध्यक्षच बदलला! फ्लोरिडाचा तमाशा, फेरमोजणी, कोर्ट — कशाचीच गरज नाही. हरलेल्या माणसाने फक्त हे स्वतःचं राज्य राखलं असतं तरी बहुमताचा २७०चा आकडा पार. जेवणाच्या सुट्टीत रसेलला दाखवलं. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात या जर-तरच्या निवडणूक नकाशांचं वेड आम्हा दोघांनाच. "भेंडी खाता खाता किती राष्ट्राध्यक्ष पाडतेस गं तू?" म्हणाला. मोजले. या महिन्यात चार.

११ मार्च, बुधवार

आई आमच्या दहिसरच्या चाळीतल्या जयंती मंडळाच्या अध्यक्षपदाला उभी राहतेय! भाकरी थापता थापता सांगितलं, गॅस संपत आलाय असं सांगावं तसं.

सव्वीस वर्षं चौदा एप्रिलची खीर तिच्या हातची. स्टेजवर मात्र धाकूमामा, बाबांचा जुना दोस्त. अकरा वर्षं तोच अध्यक्ष. विहाराच्या वरच्या खोलीत त्याने डीजेचे स्पीकर कोंबलेत, आणि चाळीतल्या दहावीच्या पोरी जिन्यावर बसून अभ्यास करतात. आईला ती खोली हवी आहे, अभ्यासिकेसाठी. अंगणवाडीत उभा जन्म गेला तिचा. पोरं नीट बसल्याशिवाय तिला चैन पडत नाही. "एकदा किल्ली हातात येऊ दे," एवढंच म्हणाली.

बाबा भाकरी खात होते. खातच राहिले.

१४ मार्च, शनिवार

सुट्टी. चाळीचा नकाशा काढला. एक्केचाळीस घरं म्हणजे एक्केचाळीस राज्यं! आमच्याकडे घरटी एक मत. चिठ्ठी नाही, बटण नाही. विहारात दोन सतरंज्या अंथरतात, दोन्ही उमेदवार समोर खुर्चीवर. उमेदवार सोडून घरातल्या थोरल्या माणसाने यायचं आणि ज्याला मत त्याच्या सतरंजीवर बसायचं, सगळ्यांदेखत. मग डोकी मोजायची.

आईला निळा रंग, धाकूमामाला पिवळा. निळा दोघांचाही आहे, मान्य. पण नकाशा माझा आहे.

दिवसभर दारं वाजवत फिरले. आठ नंबरची चेतना म्हणाली, "ताईंनी माझ्या पोराला अ आ शिकवलं. मी दुसरीकडे कुठे बसू?" निळं. विशालचा डीजेचा धंदा, ते पिवळं. धाकूमामाचं घर अर्थातच पिवळं, आमचं अर्थातच निळं. बेरीज केली. एकवीस विरुद्ध वीस. दहिसर आमचं!

१६ मार्च, सोमवार

रसेलने नकाशा बराच वेळ बघितला. "झकास. पण तुमच्या घरातून कोण बसणार?"

"बाबा. अजून कोण?"

"विचारलंस त्यांना?"

अख्खी चाळ पालथी घातली आणि स्वतःच्या बापाला विचारलं नाही. मी मूर्ख आहे.

घरी येऊन विचारलं. "मी धाकूच्या सतरंजीवर," बाबा म्हणाले. जानेवारीतच शब्द दिलाय म्हणे, आईचं काही ठरायच्या आधी. दोघं जालन्याहून एकाच दिवशी मुंबईला आले, दोघांत मिळून एक ट्रंक. ती ट्रंक मला शंभरदा ऐकवून झालीये. आई शांतपणे म्हणाली, "मग तिकडेच बसा. शब्द मोडायला लावून मला नाही व्हायचं अध्यक्ष." आणि त्यांना आणखी आमटी वाढली! मी ताट तसंच ठेवून उठले.

आमचं घर पिवळं केलं. वीस विरुद्ध एकवीस. पेन्सिलीचं टोक मोडलं.

१८ मार्च, बुधवार

अमेरिकेत मेन आणि नेब्रास्का या दोन राज्यांची मतं उमेदवारांत वाटली जातात. बाबांना म्हटलं, आपणही वाटून घेऊ, अर्धं मत आईला. जरा विचार करून म्हणाले, "अर्धा मी बसू कसा?" आई पाणी पीत होती, तिला ठसका लागेपर्यंत हसली. मला राग धरून ठेवायचा होता. नाही जमलं.

१९ मार्च, गुरुवार

आणखी सहा नकाशे. तेरा नंबर फुटलं तर? बावीसची म्हातारी गावाहून आली आणि तिने मुलाला उठवून स्वतः बसायचं ठरवलं तर? प्रत्येक नकाशात आई एका घराने हरते, नाहीतर मी स्वतःला फसवते.

जिन्यावर रंगवत बसले होते तर धाकूमामाची बायको, पद्मजामामी, वाकून बघायला लागली. "आमचं घर पिवळं होय?" म्हणाली आणि नळावर गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२१ मार्च, शनिवार

आईने उद्यासाठी पांढऱ्या साडीला इस्त्री केली. बाबांच्या सदऱ्यालाही.

२२ मार्च, रविवार

जिंकली! माझी आई जिंकली!

बाबा सगळ्यांत आधी आले आणि मान खाली घालून धाकूमामाच्या सतरंजीवर बसले. कुजबुज झाली. आईने चेहरा हलू दिला नाही. मग एकेक घर येत गेलं, अगदी माझ्या नकाशाबरहुकूम. वीस–वीस. उरलं एकच घर, धाकूमामाचं. मी वही मिटली.

पद्मजामामी आली. चपला काढल्या, बुद्धांना आणि बाबासाहेबांना वंदन केलं, आणि आईच्या सतरंजीवर फतकल मारून बसली.

मामा तिच्याकडे बघतच राहिला. मग पहिला हसला तोच. "घरातच वाट लागली की माझी," म्हणाला आणि खिशातून किल्ली काढून आईच्या हातावर ठेवली. आई रडली. मी तर हुंदके देऊन रडले, आणि मला अजिबात लाज वाटली नाही.

संध्याकाळी बाबा आणि धाकूमामाने मिळून स्पीकर खाली उतरवले. रसेलला फोन केला, नकाशा चुकला रे, एका घराने.

२३ मार्च, सोमवार

पद्मजामामीला विचारलंच, नवऱ्यासमोर तिकडे बसायचा धीर कसा झाला? म्हणाली, "मन तुझ्या आईकडेच होतं गं, पाय निघत नव्हता. मंगळवारी तुझे बाबा आले दारात. म्हणाले, वहिनी, मी शब्दात अडकलोय. माझ्या जागेवर तुम्ही बसाल का?"