मागच्या चाकाचा पाटा

शनिवार, संध्याकाळ

जीव थाऱ्यावर नाही. यांच्या माघारी राहिलेल्या जुन्या गाडीचा मागचा, भार पेलणारा स्प्रिंगचा पाटा गंजून तडकलाय, आणि उद्या नदीपलीकडच्या कारध्याचा माणूस विकत घेतलेली गाडी न्यायला येणार. मिस्त्री म्हणाला, "काकू, वेल्डिंग मारतो, वरून काळा रंग. कोणाले दिसते?" दीर लगेच म्हणाले, "वहिनी, हो म्हणा नं! कायले डोकं लावून राहिल्या?"

पाट्याला वेल्डिंग टिकत नाही, भार पडला की तिथूनच तुटतो, एवढं मी वाचलंय. आणि तो कारध्याचा माणूस सौदा करताना गाडीखाली वाकलासुद्धा नाही. "भाऊंची गाडी, पाहाचं काय त्यात?" म्हणाला. त्याच्या सुनेचे दिवस भरत आलेत. पुलावरून तिला दवाखान्यात याच गाडीने आणणार. तो काळा रंग सारखा डोळ्यांपुढे येत होता.

शेवटी त्याला फोन लावला. म्हटलं, "पाटा तडकलाय. नवा टाकल्याशिवाय गाडी देत नाही."

"मंग दुसरी पाहतो, वहिनी. सून काही पाट्यासाठी थांबत नाही."

दीर न जेवताच गेले. मी खरं बोलले, हलकं वाटायला हवं. पण तो नको म्हणाला तेव्हा मला बरंच वाटलं, गाडी अंगणातच राहणार म्हणून. मग फोन मी त्या सुनेसाठी केला, की माझ्यासाठी?