मंगळावरची हवा

टिळकवाडी, बेळगाव. रविवार, १० मार्च १९४०

आज संध्याकाळी मालूला माझी नवी गोष्ट वाचून दाखवली. लेक निपाणीहून चार दिवस माहेरी आली आहे. गोष्ट मंगळावर वस्ती करायला गेलेल्या माणसांची. तिथली हवा विषारी. ती माणसं रोज थोडा वेळ मुखवटा काढून श्वास घेतात, आणि शेवटी त्यांना त्या हवेची सवय होते. या शेवटावर मी खूश होतो.

मालू ऐकताना सारखी खोकत होती. तिच्या सासरी तंबाखूची वखार घराला लागूनच आहे.

"सवय न्हाय होत, आप्पा," ती म्हणाली. "माणूस नुसतं सांगायचं बंद करतंय."

मी हसलो. का हसलो? म्हणालो, "अगं, गोष्ट हाय ती."

"व्हय. पण मी लई खोकते म्हणून पत्र लिहिलंतं, तवा तुमी काय कळवलंत? सवय होईल म्हणून."

कळवलं होतं खरं. पुन्हा तिच्या पत्रात खोकल्याचा शब्द आला नाही, आणि मला वाटलं, बरी झाली.

मग तिनं हळूच विचारलं, "मी हितंच ऱ्हाऊ, आप्पा?"

मी म्हणालो, "जावयांना काय सांगू?"

ती उठून ट्रंक भरायला गेली. त्या माणसांना पृथ्वीवर परत आणावं म्हणून मी लिहायला बसलो, पण एक ओळ सुचली नाही. उद्या सकाळी निपाणीच्या मोटारीत मालूला मीच बसवून देणार आहे.