होडीतली दुसरी जागा

१२ जानेवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि दोन्ही होड्यांची चित्रं मिळाली. चित्रांच्या मागे वजनं लिहिलीस ते बरं केलंस. नाहीतर दुकानदाराने रंग दाखवून तुला गुंडाळलंच असतं.

एकट्याची कयाक घे. दोघांची मोठी होडी पंचेचाळीस किलोची. गाडीपासून काठापर्यंत ती कोण उचलणार? कंबर धरली की तू आठवडाभर कण्हतोस आणि त्याचं चार पानी वर्णन मला पाठवतोस. मात्र अरुंद घेऊ नकोस. गळ टाकून बसायला कशीही चालेल, पण बदकांवर बंदूक झाडलीस की धक्का बसणार, आणि अरुंद कयाक तिथल्या तिथे उलटणार. रुंद, सपाट बुडाची, करड्या रंगाची घे. लाल तुला आवडली असेल. बदकंही ती लांबूनच पाहून घेतील.

मी बरी आहे. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी सहाला उठते आणि मग काय करायचं ते ठरवत बसते. बाबांबरोबर तू पाण्यावर जायचास आणि मी बादली घेऊन काठावर उभी असायचे, ते हल्ली फार आठवतं. तळं मधून कसं दिसतं, ते एकदा लिही.

प्रकृतीची हयगय नको.

तुझी ताई

२० जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊनच दुकानात गेलो. कयाकमध्ये बसून पाहिलं. अगदी मापाने शिवल्यासारखी आहे, असं दुकानदार म्हणाला. तरी घेतली नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली आहे.

तळ्याचं वर्णन लिहायला तीनदा बसलो. जमलं नाही, कारण आधी दुसरं लिहायला हवं. बाबांनाच तुला न्यायचं नव्हतं, असं तू समजत आलीस. तू बारा वर्षांची होतीस तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, उद्या ताईलाही घेऊ या का. मी सांगितलं, ती पाण्याला घाबरते. तुला वाईट वाटेल म्हणून ते तुझ्याशी त्यावर कधी बोलले नाहीत. होडीत जागा होती, ताई. मला बाबा एकट्याला हवे होते.

मोठी होडी उचलायला दोन माणसं लागतात हे खरं. तू येशील का, एवढंच विचारायचं होतं. रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा धाकटा

२५ जानेवारी

चि. धाकट्यास, आशीर्वाद. ‘अनेक’ या वेळी नाहीत.

पत्र दुपारी आलं. वाचून झाल्यावर घासलेली भांडी पुन्हा घासली. छप्पन्न वर्षं मी बाबांना मनातल्या मनात बोल लावत आले. शेवटच्या आजारात त्यांनी माझा हात धरला, तेव्हा औषधाची वेळ झाली म्हणून मी तो सोडवून घेतला. त्याचं आता काय करू, ते तूच सांग.

मोठी होडी घे. माझं वजन अठ्ठावन्न किलो. त्यात तुझं, म्हणजे तू सांगतोस ते नव्हे, खरं वजन आणि बंदूक धरून हिशेब केला, पेलते. लाइफ जॅकेटं दोन आण, मला पोहता येत नाही. पाण्याला मात्र घाबरत नाही. तेव्हाही घाबरत नव्हते.

दहा तारखेला सकाळच्या गाडीने येते. रागावले आहे, पण कागदावर रागावून तुला स्वस्तात सोडणार नाही. पाण्याच्या मधोमध गेल्यावर रागावेन. तिथून तुला उठून जाता येणार नाही.

लोभ आहे तसाच आहे.

तुझी ताई