नववर्षाच्या चित्रातला फाइट

गिरणी, २७ डिसेंबर १८४९

प्रिय कास्परदादास,
ओटिलीचा सा. न. वि. वि.

हे पत्र आमच्या पिठाच्या गाडीवाल्याबरोबर पाठवते आहे. प्रशियन लोक टपाल फोडतात, हे तुझ्या डोक्यात कधी शिरणार? तुझं नववर्षाचं चित्र पोचलं. शाई सुरेख, रेघ सुरेख, अक्कल तेवढी गहाण! टेबलाशी आपण सगळे, आणि मधोमध आपला धाकटा भाऊ फाइट. दाढी उतरवलेला, अंगावर गिरणीवाल्याचा ॲप्रन. प्रशियनांनी मोडलेल्या उन्हाळ्यातल्या बंडात लढला म्हणून ते त्याला गोळी घालायला शोधताहेत. ते शोधतात दाढीवाल्याला. तू त्यांना नवा चेहरा दिलास आणि आमच्या गिरणीतली लपायची जागाही दाखवलीस.

असंच चित्र तू दरवर्षी इग्नात्समामांनाही पाठवतोस. ते त्यांच्या दिवाणखान्यात लागतं, आणि यंदा तिथे प्रशियन लेफ्टनंट मुक्काम ठोकून आहे. काहीतरी कर.

रागावलेली, तरी तुझीच,
ओटिली

कार्ल्सरूहे, २८ डिसेंबर

चि. सौ. ओटिलीस अनेक आशीर्वाद.

हव्या तेवढ्या शिव्या घाल. आपल्या घरच्या चित्रातून फक्त गेलेली माणसं वगळतात. जिवंत भावाला वगळायला माझा हात धजेना. फाइट कुठे आहे हे आपण आईला सांगितलेलं नाही. मामांकडे ती एकटी झुरते. चित्रात तो दिसला की तिच्या जिवाला आधार वाटेल, एवढंच मनात होतं. मामांकडे तातडीने माणूस धाडला आहे; पुढची पत्रंही टपालाने न जाता त्याच्याच हाती येतील. देव करो आणि तो वेळेवर पोचो.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
कास्पर

१ जानेवारी १८५०

चि. सौ. ओटिली हिस इग्नात्समामाचे आशीर्वाद.

निरोप पोचला, पण चित्राचं पाकीट आल्याचं लेफ्टनंटने पाहिलं होतं. कधी लावताय, म्हणून माझा पिच्छा पुरवला. मग मी चाकूने फाइटला खरवडून काढलं आणि त्या जागी शाईने पिठाचं पोतं काढलं. माझी चित्रकला तू जाणतेसच. पोतं डुकरासारखं दिसतं.

आज सकाळी चित्र लावलं. तुझी आई समोर खुर्ची ओढून बराच वेळ पाहत बसली, मग वर गेली आणि काळे कपडे घालून खाली आली. लेफ्टनंटने विचारलं तेव्हा म्हणाली, धाकटा गेला. त्याने उठून तिच्यापुढे मान झुकवली. शोध थांबवायला वर कळवतो म्हणतो.

पोरी, फाइट वाचला. पण माझ्या बहिणीच्या काळजावर मी घाव घातला. खरं सांगावं, तर ती आनंदाने रडेल आणि लेफ्टनंटला कळेल. काय करू?

लोभ ठेव, आता मला त्याची गरज आहे.
इग्नात्स

४ जानेवारी १८५०

चि. सौ. ओटिली हिस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा मामा तीन दिवस धड जेवत नाही. लेफ्टनंट घरातच असतो, मला बोलता येत नाही; तूच त्याला कळव, मला सगळं ठाऊक आहे. पोतं काढताना त्याने टेबलाखालचा फाइटचा पाय तसाच ठेवलाय! पोत्याला कधी पाय असतो? आणि पोतं पिठाचं म्हटल्यावर तो तुझ्याच गिरणीत आहे, हेही कळलं. शिवाय गेलेल्या मुलाला कास्परने आधी काढलं कशाला असतं? पाहिल्याबरोबर मी खुर्ची ओढून त्या पायासमोर बसले, लेफ्टनंटला तो दिसू नये म्हणून. लेफ्टनंट विचारील, तेव्हा नुसतं तोंडाने सांगून भागणार नाही, म्हणून वर जाऊन काळं घातलं आणि पुन्हा तिथेच येऊन बसले. अजून त्या जागेवरून हलत नाही. शेजारणी भेटायला येतात, केक आणतात, मी रडते.

रडणं मुद्दाम आणावं लागत नाही. फाइटला म्हणावं, लगेच ऱ्हाईन नदी ओलांड आणि तिकडून अमेरिकेचं जहाज धर. मला भेटायला येऊ नकोस. मेलेलं पोर आईच्या दारात दिसलं तर सगळंच फुकट जाईल. त्याला एकदा जवळ घ्यावं असं फार वाटतं ग. पण नको.

माझं वय तुला माहीत आहे. आता तो तिकडून परत येईल तेव्हा मी कुठली असायला? म्हणून सांगते, मामाने स्वतःला दोष देऊ नये. हे काळं मी खोटं घातलेलं नाही.

त्याला लोकरीचे मोजे दे, आणि माझ्या वाटचा एक मुका.
तुझी आई