वेन्लाच्या अंगठीचं सोनं

५ जून
लॅपलँडला पोचलो. नदीकाठी तंबू ठोकला. चाळीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवली, आता निवृत्तीत सोनं. निघताना सगळ्यांसमोर जाहीर केलंय: लेकीच्या, वेन्लाच्या लग्नाची अंगठी मी नदीतून काढलेल्या सोन्याची. लग्न ९ ऑगस्टला. अंगठीला लागतं तीन ग्रॅम. रोज पाव ग्रॅम धरलं तर बारा दिवस. उरलेल्याचं कानातलं. आउलिक्की म्हणाली, दुकानातली एक बघून ठेवू का? बायकोचा विश्वास गुंजभरही नाही.

९ जून
शेजारच्या तंबूत इर्मा. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात कढया ढवळल्या. गाडी हिला मीच शिकवली, म्हणून अजून मास्तर म्हणते. थाळीत वाळू घेऊन अशी हलवते, जणू तांदूळ धुतेय. म्हणाली, "मास्तर, वळणाच्या आतल्या बाजूला खणा. पाणी मंदावलं की जड सोनं तिथंच बसतं." मी तीन पुस्तकं वाचल्याचं सांगितलं. "मग ती भिजू देऊ नका," म्हणाली.
ठरलं. बाहेरच्याच बाजूला खणायचं.

१७ जून, दुपारी ३
खड्डा कमरेइतका. सोनं नाही. गाळ मात्र उत्तम प्रतीचा. पाठ धरलीय, डासांनी कान सुजवलेत. हौशी लोक इथंच हार मानतात.

२४ जून
चमक दिसली. भरपूर. चिमटीनं उचलून बाटलीत भरली. इर्माला दाखवणार नाही. उगाच तिचा जीव जळेल.

११ जुलै
बाटली पाऊण भरली. इर्माच्या बाटलीत बघितलं तर तळाशी मोहरीएवढे दाणे. कीव आली, म्हणून माझी दाखवली. तिनं एक कण नखानं दाबला, त्याचे तुकडे झाले. म्हणाली, "मास्तर, सोनं चपटं होतं, तुटत नाही."
बाईच्या हाताला अंदाज नाही. गियरसुद्धा असेच टाकायची.

१९ जुलै
वेन्ला चार दिवस राहून गेली. माझ्या खड्ड्यापाशी पाच मिनिटं. बाकी वेळ इर्माशेजारी, गुडघाभर पाण्यात. पोरगी भिडस्त आहे. एकट्या बाईला सोबत करत असणार.

३० जुलै
बाटली घेऊन सोनाराकडे गेलो. वेन्ला बरोबर होती. त्यानं भिंगातून बघितलं आणि अभ्रक म्हणाला. चकाकणारा दगड. त्यात खरे सोन्याचे कण तीन निघाले. वजन विचारलं तर म्हणे, काटा हललाच नाही.
काटा जुना असावा.
वेन्ला म्हणाली, "बाबा, असू दे. अंगठीची सोय झालीये."
आजकालच्या पोरांना धीर नाही.

९ ऑगस्ट
लग्न झालं. जेवणात हरणाचं मटण निबर. जावयानं उभं राहून इर्माचे आभार मानले. अंगठीचं सोनं तिचं. चार उन्हाळ्यांत जमवलेलं, आणि थोडं वेन्लानं तिच्या हाताखाली काढलेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. सावकाश.
नंतर वेन्ला शेजारी येऊन बसली. म्हणाली, "तुमचे तीन कणही त्यातच वितळवले, बाबा. सोनार नको म्हणत होता, मी ऐकलं नाही."
मी म्हटलं, म्हणजे तशी ही अंगठी आपलीच. हो म्हणाली. खोटं बोलायला ही आईकडून शिकली.
अंगठी बराच वेळ हातात धरून बघितली. आउलिक्कीनं मागून घेईपर्यंत.

१२ ऑगस्ट, सकाळी ८
परत नदीवर. इर्मानं नवशिक्यांसाठी सोनं शोधण्याचा वर्ग काढलाय म्हणे. आउलिक्कीनं न विचारता माझं नाव घातलं. जाणार नाही. ज्या बाईला मी क्लच शिकवला, तिच्यापुढे थाळी धरून बसू?

सकाळी ९.४०
दहाला सुरू होतं. रबरी बूट आपापले आणायचेत. पुस्तकं नकोत, असं खास कळवलंय.