आत्याबाई, शेवटचे दोन भाग राहिलेत

प्रिय आत्याबाई,

जयभीम.

उद्या तुमचं वर्षाचं पुण्यानुमोदन. अर्धं आर्णी गाव जेवायला येणार आहे आणि तुमच्या लेकानं मला फर्मान सोडलंय, "आईबद्दल दोन शब्द तूच बोल." बोलेन की! माइकला मी कधी घाबरले? पण लोक म्हणणार, सुनेनं सासूची काय सेवा केली, आणि मी मान डोलावत ऐकणार. त्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, म्हणून हे पत्र.

आपली कोरियन सिरियल मी तुमच्या आधीच पाहून टाकली होती. पूर्ण. सोळाच्या सोळा भाग!

झालं, बोलले एकदाचं. आता काय रागवायचं ते रागवा.

आठवतं ना, सुरुवात कशी झाली? आपण सरगुंडे करायला बसलो होतो. तुम्ही काडीवर कणकेची वळी गुंडाळत होता आणि मी मोबाईल माठाला टेकवून ठेवला होता. त्यात एक पोरगी टपरीवर वाफाळत्या भांड्यातून लांबच लांब शेवया काढताना दिसली आणि तुमचे हात थांबले. "हे तं आपले सरगुंडेच हायेत वं! कोण्या गावची पोरगी हाये?" झालं, अडकलो आपण. रोज दुपारी एक भाग. एकच, आणि सोबतच, हा नियम तुमचाच.

खाली इंग्रजी अक्षरं पळायची आणि मी ती वाचून सांगायची. माझं इंग्रजी तहसीलसमोरच्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरण्यापुरतं. प्रेमाला ते कमी पडायचं. मग मी खुशाल पदरचं घालायची. ती कोरियाची पोरगी कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "मले नाही पायजे तुमचा बंगला!" तुम्ही एकदा बरोबर पकडलंत. "तिचं तोंड तं बंद हाये. मंग तू कोणाचं बोलून राह्यली?"

त्यांची नावं काही जिभेवर बसेनात. टपरीवाली झाली शेवयावाली, बंगल्यातला पोरगा झाला गोरा आणि पांढऱ्या कोटातली त्याची आई झाली पाटलीण. या पोरीनं आपल्या पोराला नादी लावलं म्हणून पाटलीण तिला दारात उभी करायची नाही. मी तिला मनसोक्त शिव्या घालायची. तुम्ही मात्र ती दिसली की वळी उगाच घट्ट गुंडाळायचात.

मुकुटबनची मी, तुम्हाला न विचारता कोर्टात लग्न करून तुमच्या घरात आलेली. आठ महिने तुम्ही माझ्याशी बोलला नव्हता. मला काही सांगायचं असलं की कोंबड्यांना सांगायचात! मग एक दिवस वरणाचा घास घेतलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "मीठ कमी हाये." मी धावत बरणी आणली. आनंदाच्या घाईत पाटावर मीठ सांडलं. त्यानंतर बारा वर्षं आपलं काय जमलं, काय जमलं! पण त्या आठ महिन्यांचा विषय तुम्ही कधी काढला नाही, आणि मीही नाही.

दगा मी नवव्या भागावर दिला. धीरच धरवेना! सकाळी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईल उघडायची. बाराव्या भागात गोरा सगळं सोडून निघतो, तेव्हा मी हुंदके देत होते आणि समोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेला एक माणूस उभा. तो बिचारा घाबरून म्हणाला, "बाई, माह्या कागदात एवढं वाईट काय निंगालं?"

घरी येऊन तोच भाग तुमच्याबरोबर बघताना मी पुन्हा रडले, आणि जरा लवकरच रडले. तुम्ही माझ्याकडे टक लावून पाहिलंत. "आजून त्यानं बॅगबी उचलली नाही. तू कायले रडून राह्यली?" मी म्हटलं, डोळ्यात पीठ गेलं. तुम्ही नुसती दुसरी काडी घेतलीत.

चौदा भाग झाले आणि तुमची छाती भरली. यवतमाळच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तुम्ही तोंडावरचा मास्क बाजूला करून विचारलंत, "पाटलिणीनं थ्या पोरीले घरात घेतलं का वं?"

"मले काय माहीत? घरी चला, सोबत पाहू."

"तुले माहीत हाये," एवढंच म्हणालात आणि खिडकीकडे तोंड केलंत.

माहीत होतं, आत्याबाई. का नाही सांगितलं? थोडं नाक आडवं आलं, चोरी कबूल करावी लागली असती. आणि खरं सांगू? मला वाटलं, दोन भाग राहिलेत म्हणजे तुम्हाला घरी यावंच लागेल. वेडेपणा नुसता! पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

पण तुम्ही तरी! माझी चोरी कळली होती, तर एक टप्पल मारून वदवून घ्यायचं होतं. आणि विचारायचंच होतं तर सरळ आपलं दोघींचं विचारायचं, पाटलिणीच्या आडून कशाला? मला ते घरी आल्यावर, तुमची अर्धी राहिलेली काड्यांची पेंडी पाहिल्यावर कळलं. फार रडले. फार उशीर झाला होता.

तर ऐका आता. काल दुपारी मी शेवटचे दोन भाग पुन्हा लावले. एकेक वाक्य थांबवून, अडलेला शब्द शोधून. यात पदरचं काही नाही.

पंधराव्यात गोरा परत येतो. सोळाव्यात पाटलीण एकटीच टपरीवर येते. कोट काढून खुर्चीवर ठेवते, शेवया मागते. पोरगी वाडगा ठेवते आणि लांब उभी राहते. पाटलीण एक घास खाते, मान वर करते आणि म्हणते, "मीठ कमी आहे."

तथागतांची शपथ, हे मी घातलेलं नाही! दुकानात चोरून पाहताना हे वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं. तीनदा मागे घेऊन पाहिलं, खाली तेच लिहिलंय. पोरगी धावत मीठ आणते. पाटलीण वाडगा संपवते. चुकलं असं ती शेवटपर्यंत म्हणत नाही, आणि पोरगी वाटही बघत नाही.

घेतलं, आत्याबाई. पाटलिणीनं पोरीला घरात घेतलं. केव्हाच घेतलं होतं.

उद्या माइकवर मी सेवेचं काही बोलणार नाही, मिठाचं सांगणार आहे. आणि तुम्हाला शब्द देते, यापुढं माझ्या कुणाही माणसानं शेवट विचारला, तर जिथल्या तिथं सांगेन. "सोबत पाहू" म्हणून कुणाला थांबवणार नाही.

उद्याच्या वरणात मीठ मीच घालणार आहे. कमीच घालते.

तुमची सून,
सुजाता