घरात कुणाला माहीत आहे?

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा खोटं बोललो. त्यात नवं काही नाही. चौदा वर्षं झाली, 'सोनारीला चाललो, भैरवनाथाचा नवस आहे' असं सांगून ढोकीतून निघतो. बार्शीला उतरतो आणि सोनारीऐवजी सोलापूरची एसटी धरतो — एचआयव्हीच्या गोळ्या आणायला. धाराशिवला मिळतात, पण तिथं ओळखीचं कुणीतरी भेटणारच.

आता तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात. तरी दर महिन्याला जावंच लागतं, कारण लोक देवाला वाहायला नारळ देतात! शेजारच्या सिताबाई सकाळीच दारात. "माज्या गुडघ्याचं सांग बाबा देवाला. मागल्या खेपंला लई फरक पडला." दवाखान्याबाहेर वडाखाली शेंदूर फासलेला दगड आहे. सहाही नारळ तिथंच फोडले. गुडघ्याचंही नीट सांगितलं. प्रसादाचे चुरमुरे बार्शीला घेतले.

१८ नोव्हेंबर

काल दवाखान्यात समुपदेशक दीपाली मॅडमनी बसवून घेतलं. नवीन उपचार शोधतायत म्हणे. रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी बाहेर काढायच्या. विषाणू पेशीत ज्या दारातून शिरतो, ते दारच जनुकात बदल करून काढून टाकायचं. मग त्याच पेशी परत अंगात सोडायच्या. मी ट्रॅक्टरचा मिस्त्री, मला लगेच कळलं — पार्ट खोलायचा, दुरुस्त करायचा, परत बसवायचा. जन्मभर दुसरं काय केलं?

"काका, अजून प्रयोगच आहे. बरं होईल असं कुणीच म्हणत नाही," त्या दोनदा म्हणाल्या. एका मोठ्या दवाखान्यात चाचणी होईल कदाचित, म्हणून नावं घेतायत. मी दिलं. बरं व्हायची आशा आपल्यात अजून शिल्लक आहे हे बघून माझं मलाच नवल वाटलं.

चाचणीत काही आठवडे गोळ्या थांबवून बघतात. तेव्हा ताप आला, काही झालं, तर घरात एकाला तरी आजार माहीत पाहिजे. फॉर्मवर तेच विचारलं होतं — घरात कुणाला माहीत आहे? नाव, नातं, फोन.

मी लिहिलं, श्रीदेवी, मुलगी. तिचा पुण्याचा नंबर दिला. तिला यातलं अक्षरही माहीत नाही.

२३ नोव्हेंबर

का लिहिलं? जागा रिकामी सोडायची लाज वाटली. एवढ्या वर्षांत एक माणूस नाही जोडला का, असं मॅडमना वाटलं असतं.

बायको, महानंदा, गेली तेव्हा श्रीदेवी बारा वर्षांची होती. टीबीनं गेली असं सगळ्यांना सांगितलं. टीबी होताच. पण तिच्या अंगात तो का वाढला, ते मला ठाऊक आहे. लग्नाआधी मी ट्रकवर होतो, ते दुखणं मीच घरात आणलं. पोरीचं रक्त तपासून घेतलं, ती सुटली, एवढीच देवाची कृपा. महानंदानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

२ डिसेंबर

हंगाम जोरात. कारखान्याच्या वाटेवर उसाची ट्रॉली बंद पडली. पाना निसटला, तळहात फाटला. ड्रायव्हर युवराज फडकं घेऊन धावला. "मिस्त्री, लई रक्त यायलंय, दावा इकडं." मी ओरडलो, "हात लावू नको!" बिचारा मागंच सरला. मी एका हातानं आणि दातानं फडकं बांधलं.

मिस्त्री तिरसट आहे असं गावात म्हणतात. म्हणू देत.

११ डिसेंबर, गुरुवार

दीपाली मॅडमचा फोन. घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय नाव पुढं जात नाही. "उद्या तुमच्या मुलीला फोन करते. आजाराचं नाव मी नाही घेणार, तिलाच विचारीन काय माहीत आहे ते." मॅडम, खोटं लिहिलंय, ते खोडा — एवढंच म्हणायचं होतं. "बरं" म्हणालो.

म्हणजे आजच तिला सांगायला हवं. संध्याकाळी फोन लावला.

"आप्पा, आज मधेच फोन? बरं आहे ना?"

"पुण्यात थंडी पडली का?"

"पडलीय की."

"स्वेटर घालत जा." ठेवून दिला. नालायक माणूस आहे मी. उद्या मॅडमना तिला काहीच सांगता आलं नाही, तर तिला कळणारच की बाप काहीतरी लपवतोय. आई कशानं गेली, तेही ती शोधून काढेल. मग तीही मला सोडून जाईल. दुसरं आहे कोण मला?

१२ डिसेंबर

दुपारी मॅडमचा फोन आला. "काका, मुलीला सगळं नीट माहीत आहे. तुमचंही, आईचंही. नाव पुढं पाठवते."

पाठोपाठ श्रीदेवीचा. रडत होती. "आईनंच सांगितलं होतं आप्पा, जायच्या आठवडाभर आधी. म्हणाली, तुला ठाऊक आहे हे आप्पांना कळू देऊ नको. त्यांना तुझ्यासमोर मान वर करून बसता आलं पाहिजे."

बारा वर्षांची होती. तेव्हापासून माझं लेकरू हे एकटंच सांभाळत होतं.